मडगार्डच्या आतला रंग

त्या संध्याकाळी चौकात एका गाडीने ठिणगीला डोळा मारला.

एकदा मारला तेव्हा ठिणगीने सोडून दिलं. रेनकोटच्या टोपीतून पाणी मानेवर ओघळत होतं, सिग्नल लाल होता, अशात कोण कोणाकडे बघतंय. पण परत… आणि मग परत… चौकाच्या पलीकडे उभी असलेली ती जुनी, गोलमटोल, शाईसारखी निळी गाडी आपला डावा हेडलाइट मिटायची, उघडायची, लाडात आल्यासारखी पुन्हा मिटायची. आणि काचेमागे एक पोरगा स्टिअरिंग धरून असा साळसूद बसलेला, की जसं काही त्या गावचाच नाही.

ठिणगीचं डोकं तापायला एवढं खूप झालं. सिग्नल सुटला तशी ती स्कूटर सरळ न्यायचं सोडून त्या गाडीपाशी घेऊन गेली आणि काचेवर टकटक केली.

"अहो, काय चाललंय?"

काच खाली आली. आतून ताज्या रंगाचा वास आला. पोराच्या कानाच्या पाळीवरही एक निळा ठिपका होता.

"माफ करा… काय झालं?"

"तुमची गाडी डोळा मारतेय मला. मघापासून."

त्याने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका. ती माणूस बघत नाही. सकाळी एका ट्रॅफिक पोलिसाला मारला."

ठिणगीला हसू आलं. तिने ते दातांखाली दाबलं. मागच्या गाड्या बोंबलायला लागल्या होत्या, पोरगा गडबडला आणि त्यानेही उगाच हॉर्न दाबला. हॉर्न वाजला मात्र, उजवा दिवा मान टाकल्यासारखा मंद झाला.

"थांबा. परत वाजवा."

"काय?"

"हॉर्न हो. परत वाजवा. आता ब्रेक दाबा… आता डाव्या बाजूचा सिग्नल द्या."

सगळा चौक शिव्या घालत होता आणि ही बया भर पावसात गाडीपुढे वाकून एकदा या दिव्यात, एकदा त्या दिव्यात बघत होती, डॉक्टर घसा बघतात तशी. पोरगा ती सांगेल ते मुकाट्याने दाबत होता.

"वायरिंग कोणी केलं?"

"दोघा-तिघांनी. एकाचं झालं की दुसऱ्याने."

"तरीच. एकाने केलं असतं तर एकच चूक झाली असती." ती स्कूटरवर बसली. "या माझ्या मागून."

ओळख ना देख. पण तो गेला तिच्या मागून. नंतर कधीतरी तो सांगायचा, की तिच्या स्कूटरचा मागचा लाल दिवा त्या पावसात इतका स्वच्छ, इतका ठाम पेटत होता, की त्याच्या मागे जाऊ नये असं मनातच आलं नाही.

*

गॅरेज मामांचं होतं. इंजिन मामांचं, वायरिंग ठिणगीचं, अशी वाटणी. ठिणगी हे नावही मामांनीच ठेवलेलं. ते सांगायचे, "हिला काडी लागत नाही. ही आपली आपणच पेटते."

दोघं भिजून आत आले तेव्हा मामा टायर गडगडवत नेत होते. त्यांनी गाडी बघितली, पोरगा बघितला, भाची बघितली.

"घरी जायला निघाली होतीस ना? आणि ही वरात कुठून आणलीस?"

"मामा, गप बसा. गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक रंगारी निघाला. गाड्यांना रंग देणारा. गाडी त्याच्या आईची होती. एके काळी हीच गाडी टॅक्सी म्हणून चालवून आईने त्याला लहानाचा मोठा केला होता. मग गाडी दमली, शेडमध्ये गेली, तिच्यावर धूळ चढली, आणि आता त्याने तिचा एकेक तुकडा सुटा करून, घासून, रंगवून पुन्हा जोडला होता. सगळं झालं. फक्त दिवे वेडेपणा करत होते. जुन्या गाड्यांच्या तपासणीत ती दोनदा नापास झाली होती.

"आता शुक्रवारी शेवटची संधी," तो म्हणाला. "यावेळी नापास झाली तर परवाना कायमचा जातो. मग दारात उभी करून ठेवायची, शोभेला. आई म्हणते, मला ती बघायची नाहीये, चालवायचीय."

ठिणगीने बॉनेटवर हात ठेवला. पावसाचे थेंब त्या निळ्यावर मोत्यांसारखे गोल उभे होते, एकही पसरलेला नव्हता. असा रंग तिने आजवर बघितला नव्हता. पण पहिल्या भेटीत कौतुक करायचा तिचा स्वभाव नव्हता.

"शुक्रवारपर्यंत लावून देते दिवे," ती म्हणाली. "नाही लागले तर ही पक्कड मामांच्या हातात देईन आणि वायरला परत हात लावणार नाही."

"अगं, शपथा कसल्या घेतेस," मामा म्हणाले. "पक्कड माझीच आहे."

*

दुसऱ्या दिवशी रंगारी आपलं काम सोडून सकाळीच हजर झाला. म्हणाला, मदत करतो. मदत काय, तर टॉर्च धरायचा. आणि टॉर्चचा उजेड वायरवर कमी आणि तिच्या हातांवर जास्त पडायचा.

"अहो, वायर इकडे आहे."

"हो… हो. तुम्ही डोळे का मिटता?"

"कधी?"

"वायर शोधताना. डोळे मिटता आणि बोटांनी चाचपत जाता. ओठही हलतात."

ठिणगीचे कान गरम झाले. असं कोणी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. लोक गाडीकडे बघायचे. "डोळ्यांना रंग दिसतो," ती तोडून बोलली, "लाल, पिवळा, हिरवा. कुठे आतून तुटलीय ते बोटांनाच कळतं. टॉर्च धरा नीट."

तिने फ्यूज बघितले, स्विच उघडला, डिपरच्या तारा सुट्या केल्या. दिव्यापर्यंत करंट पुरेपूर येत होता. मग दिवा नीट पेटत का नाही? चौकात तिला पहिला संशय अर्थिंगचाच आला होता. बॅटरीतून करंट वायरने दिव्यापर्यंत जातो, आणि परत जातो तो गाडीच्या लोखंडातून. परतीची वाट अडली की करंट भलत्याच दिव्यातून वाट काढतो, आणि गाडी असे डोळे मारते. म्हणून ती पाठ टेकून मडगार्डखाली सरकली आणि अर्थिंगचा बोल्ट बघायला टॉर्च वर धरला.

आणि बघतच राहिली.

मडगार्डच्या आत, जिथे फक्त चिखल उडतो, जिथे कोणी मेलं तरी डोकावत नाही, तिथेही तोच निळा होता. तसाच गुळगुळीत, तसाच खोल. पट्ट्यांच्या मागे, भोकांच्या कडेला, बोल्टच्या बुडाशी… कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस नाही. पावसाळी दुपारचा उजेड खालून आत आला होता आणि तो कोपराही चमकत होता.

"अहो," ती खालूनच म्हणाली. "इथे कोण बघणार होतं?"

"कोणीच नाही."

"मग?"

तो गाडीपलीकडे उकिडवा बसला. तिला फक्त त्याचे गुडघे दिसत होते.

"मला माहीत असतं ना, आत काय आहे ते. बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेलं… झोप नाही लागत मला."

ठिणगीने निळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "खूप सुंदर आहे."

गुडघे जरा हलले. "तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला. "आजवर कोणी आत बघितलंच नाही."

बोल्ट घट्ट होता. वायर नवीकोरी होती. सगळं इतकं देखणं, की ठिणगीने मनातल्या मनात अर्थिंगवर फुली मारली आणि बाहेर आली. तिच्या केसांना ग्रीस लागलं होतं. त्याने खिशातून स्वच्छ फडकं काढून पुढे केलं, आणि ती घेणार तेवढ्यात स्वतःच पुसलं… अगदी हलक्या हाताने, ओल्या रंगावरची धूळ टिपावी तसं.

मामा लांबून खोकले. त्यांना खोकला नव्हता.

*

गुरुवार उजाडला तरी गाडी डोळे मारतच होती.

ठिणगीने सगळं पालथं घातलं होतं. नवे बल्ब घातले, नवा स्विच घातला. दुपारपर्यंत तिचा पारा असा चढला की पान्याला पाना लागला तरी ती पान्यावर ओरडायची. रंगारी चहाचा कप घेऊन आला, तर त्याच्यावरही भडकली.

"तू हात लावलास का या वायरला? मी नसताना?"

"नाही…"

"मग ही इथे कशी आली? तुला सांगितलं होतं ना!"

तो कप धरून तसाच उभा. चेहऱ्यावर राग नाही, उलट ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लपवत होता.

"हसतोस काय?"

"काही नाही. तुम्ही मला 'तू' म्हणालात."

ठिणगीने चहा घेतला. तो गार झाला होता, तरी सगळा प्याली.

मामा इतका वेळ शेजारच्या गाडीच्या इंजिनात डोकं घालून होते. ते तसेच आतून बोलले, "अर्थिंग बघितलंस?"

"बघितलं. एकदम छान आहे."

"छान आहे ते विचारलं नाही मी. तपासलंस का?"

"बोल्ट घट्ट आहे, वायर नवी आहे…"

"ते डोळ्यांनी बघितलंस," मामा म्हणाले. "बाकी सगळं मीटर लावून बघितलंस आणि नेमकं तेच डोळ्यांनी. का गं?"

ठिणगीला उत्तर माहीत होतं. तिने एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं दिव्याच्या मागे टेकवलं.

डावा दिवा भक्कन पेटला. पांढरा, सरळ, समोरच्या भिंतीवरची टायरची रांग उजळवणारा. तिने वायर काढली. दिवा मिणमिणला. परत लावली. परत पेटला.

रंगारी आनंदाने टाळी वाजवणार होता, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचे हात मध्येच थांबले.

"काय झालं? लागला ना दिवा?"

ती जमिनीकडे बघत होती. "तुझा रंग," ती म्हणाली. "बोल्टखाली रंग आहे, पट्टीखाली रंग आहे, मडगार्ड जिथे बॉडीला लागतं तिथेही दोन्हीकडून रंग आहे. लोखंडाला लोखंड कुठे टेकतच नाही. करंटला परत जायला जागाच ठेवली नाहीस तू. बोल्ट पिळताना कुठे नखभर रंग उडाला असेल, तेवढ्यावर ती कशीबशी पेटतेय."

"मग… आता?"

"खरवडायचा."

गॅरेजवर पाऊस वाजत होता. रंगारी हळूच गाडीपाशी जाऊन मडगार्डवर हात ठेवून उभा राहिला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"वेगळी वायर नाही का टाकता येणार? आता टाकली तशी?"

"दिव्यांना येईल. पण हॉर्न, वायपर, सिग्नल, पेट्रोलचा काटा, सगळेच बॉडीतून परत जातात. किती वायरी टाकू? आज दिवा लागेल, उद्या तपासणीत हॉर्न मरेल." तिचा आवाज चढला, कारण त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. "बोल ना काहीतरी. ओरड माझ्यावर. दोन दिवस वाया घालवले मी. पहिल्याच दिवशी मीटर लावला असता तर कळलं असतं."

"का नाही लावला?"

"आवडला म्हणून!" ती ओरडलीच. "एवढं सुंदर काम आहे, त्यात खोट असेल असं मनातच आलं नाही माझ्या. झालं समाधान?"

मामांनी इंजिनात डोकं आणखी आत घातलं.

रंगाऱ्याने मडगार्डवरून हात काढून घेतला. मग म्हणाला, "खरवडा तुम्ही. मी बाहेर थांबतो."

ठिणगीने पातं उचललं, मडगार्डखाली सरकली. पातं निळ्यावर टेकवलं. ज्या मुलीने रागाच्या भरात शाळेची वही टराटरा फाडून दप्तर कायमचं टाकलं होतं, त्या मुलीचा हात काही पुढे सरकेना. तिने श्वास घेतला, परत टेकवलं. नाहीच. ती बाहेर आली आणि पातं त्याच्यापुढे धरलं.

"माझ्याने होत नाही. दुसरं कोणी केलं तर तेही मला चालणार नाही. तूच कर. मी फक्त कुठे ते सांगते."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागाने नाक ओढत होती. त्याने पातं घेतलं.

मग तिने खडूने जागा आखून दिल्या. इथे एक, इथे एक, बॅटरीच्या पट्टीखाली एक. आणि रंगारी खाली आडवा झाला. आधी त्याने प्रत्येक जागेभोवती चिकटपट्टी लावली, म्हणजे कड उसवायला नको. मग पात्याने, मग पॉलिश पेपरने, हळूहळू, निळ्याखालचा अस्तराचा रंग, त्याखालचं करडं, आणि त्याखालचं पांढरंशुभ्र लोखंड. बटणाएवढा गोल. इतका नेटका, की वाटावं गाडी बनवतानाच तसा ठेवलाय.

ठिणगी शेजारी पडून टॉर्च धरत होती. आता तिचा उजेड त्याच्या हातांवर जास्त पडत होता.

"खरवडतोससुद्धा रंग दिल्यासारखा," ती पुटपुटली.

"टॉर्च नीट धर," तो म्हणाला.

दोघंही थबकले. 'धर' म्हणाला होता तो. त्या अरुंद जागेत दोघांचे खांदे जरा जास्त जवळ आले.

तिने वायरी परत बांधल्या, लोखंड गंजू नये म्हणून वर ग्रीसचं बोट फिरवलं. तेवढ्यात छत्री झटकत रंगाऱ्याची आई आली. उंच, ताठ, पांढऱ्या केसांची. इकडेतिकडे न बघता ती सरळ गाडीत बसली, सीट पुढे ओढली, किल्ली फिरवली, दिवे लावले. हॉर्न दाबला, ब्रेक दाबला, डावा सिग्नल, उजवा सिग्नल. दोन्ही दिवे भिंतीकडे टक लावून बघत राहिले, पापणीही न लववता.

आईने काच खाली केली. "कोणी केलं गं?"

"यांनी," ठिणगी म्हणाली.

"हिने," रंगारी म्हणाला, त्याच वेळी.

आई दोघांच्या ग्रीस लागलेल्या तोंडांकडे बघत राहिली. मामांनी शेवटी इंजिनातून डोकं बाहेर काढलं. "दोघांनी मिळून बिघडवलं आणि दोघांनी मिळून केलं," ते म्हणाले. "तुम्ही चहा घेणार?"

*

शुक्रवारी तपासणीच्या आवारात आईच चालवत होती. इन्स्पेक्टर जाडजूड चष्म्याचा, चेहऱ्यावरची माशी हलत नाही असा. दिवे लावा. डिपर मारा. हॉर्न. वायपर. ठिणगी कुंपणाशी उभी राहून पक्कड अशी आवळत होती की बोटं पांढरी पडली. रंगारी तिच्या शेजारी. त्याला तर गाडीकडे बघवतच नव्हतं, तो तिच्याकडेच बघत होता.

इन्स्पेक्टरने बॉनेटवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि कागदावर शिक्का मारला.

परत येताना आभाळ भरून आलं. आई पुढे एकटी, हे दोघं मागच्या सीटवर, आणि मध्ये रंगाऱ्याची घडी घातलेली ओली छत्री. काचांवर सरी तिरक्या धावत होत्या. आईने दिवे लावले, आणि रस्त्यावरचं सगळं ओलं काळं पाणी सोन्यासारखं झालं.

"पास झाली," रंगारी म्हणाला.

"हं."

"म्हणजे आता… उद्या गॅरेजला यायला काही कारण नाही मला."

ठिणगी खिडकीतून बाहेर बघत होती. "कारण लागतं का तुला?"

"आजवर होतं, म्हणून विचार करावा लागला नाही."

"आता कर मग विचार. डोकं आहे ना?"

तो हसला. मग हसू ओसरलं. "तुझ्याकडे बघितलं की मला… कसं सांगू… तू डोळे मिटून वायर चाचपत असतेस ना, तेव्हा वाटतं, हिने इतकंच मन लावून कधीतरी माझ्याकडेही बघावं. बस, एवढंच."

ठिणगीच्या छातीत असं धडधडायला लागलं की इंजिन ऐकू येईना. तिला गोड बोलता यायचं नाही. कधीच आलं नव्हतं.

"मी चिडते," ती म्हणाली. "सारखी. उगाचच. चहा गार झाला तरी चिडते. मामा म्हणतात, माझ्याजवळ कोणी टिकणार नाही."

"बरं."

"बरं काय? आत्ताच सांगून ठेवतेय. नंतर म्हणशील, बाहेरून एक होती, आतून दुसरीच निघाली."

त्याने मधली छत्री उचलून पायाशी ठेवली. "तू आतबाहेर एकच आहेस," तो म्हणाला. "चौकात काचेवर टकटक केलीस तेव्हाच कळलं."

ठिणगीने मान वळवली. त्याच्या कानावरचा निळा ठिपका अजून तसाच होता. तिने बोटाने पुसून बघितला. निघेना. मग बोट तिथेच राहिलं.

"मला आवडतोस तू," ती पटकन म्हणाली, भांडायला निघाल्यासारखी. "आता उत्तर दे लवकर, गॅरेज येईल."

त्याने तिचा हात कानावरून काढून आपल्या हातात घेतला. दोघांच्याही नखांत ग्रीस होतं. उत्तर त्याने इतकं हळू दिलं, की पावसाने अर्धं नेलं.

पुढे आईने हात वर केला आणि आरसा छताकडे फिरवला.

"आरसा फिरवला मी," आई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "पण कान आहेत ते आहेतच. पोरा, तिने तुला ठणकावून सांगितलं. तूही जरा मोठ्याने सांग. मला गॅरेजला लांबून वळसा घालून जाता येईल."

आणि तिने खरंच वळणावर गाडी दुसऱ्या रस्त्याला घातली.